त्रासदायक आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला बोलण्याच्या उपचाराचा नेमका उपयोग कसा होतो?

धाकटी_बहीण (नाशिक)

सप्रेम नमस्कार. माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा आहे आणि गेली ८ वर्षे त्याला आवाज ऐकू येतात. निदान स्किझोफ्रेनियाचे आहे. गोळ्या नियमित सुरू आहेत आणि त्यांमुळे त्याची झोप, जेवण, चिडचिड यांत पुष्कळ सुधारणा झाली, हे मी आधीच नमूद करते. परंतु एक आवाज काही गेलेला नाही. तो एका पुरुषाचा, जरबेचा आवाज आहे आणि मिक्सर किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू असला की तो अधिक स्पष्ट होतो, असे दादा सांगतो.

गेल्या महिन्यातला एक प्रसंग लिहिते. आईने दिलेला चहा दादाने ओट्यावर तसाच ठेवला. तासाभराने मी पाहिले तेव्हा चहावर जाड साय धरली होती आणि दादा शेजारी उभा राहून कपाकडे एकटक पाहत होता. आईला वाटले की आपण चहात काहीतरी घातले असा संशय त्याला आला. ती दिवसभर रडत होती. रात्री मी हळूच विचारले तेव्हा तो म्हणाला, “तो सांगत होता की चहा प्यायलास तर आईला काहीतरी होईल.” म्हणजे तो आईवर संशय घेत नव्हता, तिला वाचवत होता. आठ वर्षांत आम्ही त्याला असे काही विचारलेच नव्हते, कारण ‘आवाजांविषयी बोलू नका, त्याने ते वाढतात’ असे आम्हाला सुरुवातीलाच सांगण्यात आले होते.

आता मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्यांच्या जोडीला मानसशास्त्रीय उपचार सुचवला आहे आणि ज्या मानसतज्ज्ञांकडे पाठवले आहे, त्यांनी किमान १६ बैठका लागतील असे सांगितले. माझ्या मनात शंका आहेत. आजार जर मेंदूतल्या रसायनांचा आहे, तर नुसत्या बोलण्याने त्यात काय फरक पडणार? आवाजांविषयी इतके खोलात जाऊन बोलल्यास ते बळावणार नाहीत का? आणि हा उपचार सुरू झाल्यावर ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असे दादाला वाटू लागले तर? ज्यांनी हा उपचार दिला, घेतला किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

चिकित्सा_मानसतज्ज्ञ (पुणे)

आपल्या पहिल्या शंकेच्या उत्तरातच दुसरीचे उत्तर आहे, म्हणून तिच्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

आपण सगळेच मनातल्या मनात सतत बोलत असतो. ‘गॅस बंद केला का’, ‘मघाशी उगाच बोललो’ अशी ही अखंड बडबड असते आणि ती आपलीच आहे अशी खूण मेंदू तिला आपोआप लावत असतो. आवाज ऐकू येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ही खूण लागायची राहून जाते आणि आतून निघालेले बोलणे बाहेरून आल्यासारखे कानावर पडते, अशी एक प्रमुख उपपत्ती आहे. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आवाज प्रत्यक्ष ऐकू येत असतानाच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा भाषा निर्माण करणाऱ्या ब्रोका या भागात रक्तप्रवाह वाढलेला आढळला. ही उपपत्ती सगळ्यांच्या सगळ्या आवाजांना लागू पडत नाही. पण यातून एक गोष्ट कळते की आपल्या भावाला ‘उगाच भास’ होत नाही. त्याला खरोखरच ऐकू येते, आणि ‘असे काही नाहीच’ हे घरच्यांचे वाक्य त्याच्या दृष्टीने डोळ्यांदेखत खोटे असते.

गोळ्या त्या ऐकू येण्यावर काम करतात आणि पुष्कळ जणांत ते चांगले करतात. पण ऐकू येणे आणि त्याचा त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाजांची तीव्रता मोजण्याची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. तिच्यात आवाज किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, किती मोठा असतो हे जसे विचारतात, तसेच तो कुठून येतो असे वाटते, तो किती वाईट बोलतो, त्याचा त्रास किती होतो आणि त्याच्यावर आपला ताबा किती आहे हेही वेगवेगळे विचारतात. दिवसभर आवाज ऐकणारा माणूस निवांत कामाला जाताना मी पाहिला आहे आणि आठवड्यातून दोनदाच ऐकणारा माणूस घराबाहेर पडायला घाबरताना पाहिला आहे.

हा फरक कशामुळे पडतो, याचे फार महत्त्वाचे उत्तर १९९४ मध्ये इंग्लंडच्या पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवूड यांनी मांडले. आवाज काय बोलतो यापेक्षा ऐकणारा त्याच्याविषयी काय मानतो, त्याला तो किती सामर्थ्यवान समजतो, त्याचा हेतू दुष्ट आहे की भला असे समजतो, आणि त्याचे ऐकले नाही तर काय होईल असे त्याला वाटते, यावर भीती आणि वागणे अवलंबून असते. मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. घटनेमुळे भावना थेट निर्माण होत नाही, मध्ये आपला समज असतो, हे त्या पद्धतीतले सूत्र येथेही चालते. फरक एवढाच की येथे घटना म्हणजे आवाज.

आता तो चहाचा कप पुन्हा पाहा. ‘पिऊ नकोस’ हे आवाजाचे बोलणे झाले. ‘हा जे म्हणतो ते घडवून आणू शकतो’ हा भावाचा समज, आणि न प्यायलेला चहा ही त्याची कृती. ती कृती त्या समजाला खतपाणी घालते, कारण चहा प्यायला नाही आणि आईला काही झाले नाही, म्हणजे आवाजाचे ऐकले म्हणून आई वाचली, असा हिशेब मनात पक्का होतो. आवाजाचे सामर्थ्य कधी तपासलेच जात नाही. आठ वर्षे असे शेकडो कप न पिता राहिले असतील, आणि घरात कोणाला पत्ताही नसेल.

बैठकांमध्ये या हिशेबावरच काम होते. पहिल्या दोन-चार बैठका बहुधा ऐकून घेण्यातच जातात. आवाज प्रथम कधी आला, त्या वेळी आयुष्यात काय चालले होते, तो कोणासारखा वाटतो, काय करायला सांगतो, त्याला कधी नकार दिला आहे का, हे विचारले जाते. वही दिली जाते आणि आवाज कधी आला, काय म्हणाला, आपण काय केले एवढेच लिहायला सांगितले जाते. मिक्सर आणि पंख्याचा जो तपशील आपण दिलात, तो या वहीत हमखास उतरेल. सलग घरघरीतून शब्द ऐकू येणे हा अनेकांचा अनुभव असतो आणि तो उमगला की ‘तो माझा पाठलाग करतो’ यापेक्षा निराळे स्पष्टीकरण शक्य आहे, याची पहिली फट पडते. आपण एकटेच असे विचित्र नाही, हेही कळावे लागते. १९७१ मध्ये वेल्समध्ये २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ निम्म्यांना दिवंगत जोडीदाराचे या ना त्या प्रकारचे भास होत असल्याचे आढळले आणि त्यांतल्या काहींना त्यांचा आवाजही ऐकू येत असे. आजोबा गेल्यावर त्यांचे खाकरणे ऐकू आल्याचे सांगणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरात असते.

यानंतर आवाजाचे सामर्थ्य पारखण्याचे काम येते. चांगला मानसतज्ज्ञ ‘हा आवाज खोटा आहे’ असा वाद घालत बसत नाही. तो विचारतो की या आवाजाने आजवर सांगितलेल्या किती गोष्टी घडल्या? आपण चुकून किंवा नकळत त्याचे ऐकले नाही, असे कधी झाले का? त्या दिवशी आई कशी होती? मग अगदी छोटी, दोघांनी मिळून ठरवलेली चाचणी घेतली जाते. आवाज नको म्हणत असताना चहाचा एकच घोट घ्यायचा आणि पुढच्या तासाभरात काय होते ते लिहून ठेवायचे. त्या एका घोटासाठी सहा-सहा बैठकांची तयारी लागते. ज्याला बाहेरून पाहताना तो घोट क्षुल्लक वाटतो, त्याने हे लक्षात घ्यावे की त्या माणसाच्या हिशेबी तो आईचा जीव पणाला लावत असतो.

आज्ञा देणाऱ्या आवाजांसाठी हीच पद्धत इंग्लंडमध्ये १९७ जणांवर तपासण्यात आली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व जण आवाजाच्या सांगण्यावरून पूर्वी काहीतरी घातक करून बसलेले होते. दीड वर्षानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी आवाजाची आज्ञा पुन्हा पूर्णपणे पाळली होती. ज्यांना या बैठकाही मिळाल्या त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होते. आवाजाच्या सामर्थ्यावरचा विश्वास कमी झाला होता. मानसिक त्रासाच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही मी लपवणार नाही. एकंदर मनोविकृतीवरील बोधनिक वर्तनोपचाराचे (म्हणजे समज आणि वागणे तपासून बदलणाऱ्या याच प्रकारच्या उपचाराचे) अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता सरासरी परिणाम लहानच दिसतो. तरीही इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २००९ पासून गोळ्यांसोबत किमान १६ वैयक्तिक बैठका देण्याची शिफारस आहे. आपल्याला सांगितलेला आकडा बहुधा तेथूनच आलेला असावा.

गोळ्यांविषयी सांगायचे तर, वरच्या अभ्यासात बैठका नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिल्या होत्या, त्यांच्या जागी नव्हेत. मानसतज्ज्ञ गोळ्या बंद करायला सांगत असेल तर उठून यावे. तसेच त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विनासंकोच विचारावे. चिकित्सा मानसतज्ज्ञांसाठी ती आवश्यक असते.

आणि एक तातडीचे. हा आवाज दादाला स्वतःला इजा करून घ्यायला सांगतो का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार मनात घुसत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना कळवा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही सुरू असतो.

ऐकणारा_शुभार्थी

वरील लेखन वाचले. मी स्वतः २१ वर्षे आवाज ऐकत आहे, म्हणून आतली बाजू लिहितो. आमच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला तो शब्द आवडतो, कारण ‘पेशंट’ म्हटले की माणूस खुर्चीत बसवून ठेवल्यासारखा वाटतो.

माझा आवाज शाळेतल्या एका शिक्षकांसारखा होता. ते वर्गात सर्वांसमोर मला उभे करून जे शब्द वापरत, तेच शब्द तीस वर्षांनंतर मला बसमध्ये ऐकू येत असत. गंमत वाटेल, पण हे साम्य मला स्वतःला कधी दिसले नव्हते. माझ्या मानसतज्ज्ञ बाईंनी विचारले, “हे वाक्य तुम्हाला पहिल्यांदा कोणी ऐकवले?” आणि मी पुढची दहा मिनिटे बोलू शकलो नाही. त्या दिवसापर्यंत तो आवाज म्हणजे सर्व काही जाणणारी एखादी अमानवी शक्ती होती. त्यानंतर हळूहळू, खूप हळूहळू, तो हातात छडी घेतलेला एक चिडका माणूस झाला. छडी घेतलेल्या माणसाची भीती वाटते, पण त्याच्यापुढे उभे राहता येते.

ताई, तुमची दुसरी शंका होती की बोलल्याने आवाज वाढतील का. पहिले तीन आठवडे माझा आवाज खरोखर वाढला होता, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘तिला सांगितलेस ना, आता बघ,’ अशा धमक्या येत. बाईंनी हे होऊ शकते असे आधीच सांगून ठेवले होते म्हणून मी टिकलो. दादालाही ते आधीच सांगितले जाईल याची खात्री करून घ्या.

माझ्या उपयोगी पडलेल्या काही साध्या गोष्टी आहेत. आवाज सुरू झाला की मी ओठांतल्या ओठांत एखादा अभंग गुणगुणतो किंवा पेपर मोठ्याने वाचतो; तोंड कामात गुंतले की आवाज फिका पडतो. मी त्याला रोज संध्याकाळी ७ ते ७.२० अशी वेळ दिली आहे. दिवसा आला तर मनात म्हणतो, “सातला बोलू.” सुरुवातीला तो मुळीच ऐकत नसे. आता बऱ्याचदा ऐकतो आणि पुष्कळदा सात वाजता येतच नाही. ही युक्ती मला गटातल्या एका शुभार्थीने सांगितली. तिचा उगम नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या चळवळीत आहे, असे नंतर वाचले. तेथील मनोविकारतज्ज्ञ मारियुस रोम यांना त्यांच्या एका रुग्ण स्त्रीने तिच्या आवाजांना गंभीरपणे घेण्यास भाग पाडले. १९८७ मध्ये ती दोघे दूरचित्रवाणीवर आली आणि आवाज ऐकणाऱ्यांनी संपर्क साधावा असे आवाहन केले. शेकडो लोकांनी प्रतिसाद दिला आणि त्यांत आवाज ऐकत असूनही कधी कोणा डॉक्टरकडे न गेलेले, आपापले संसार व्यवस्थित चालवणारे लोकही होते. त्यांनी आवाजांशी जुळवून कसे घेतले, हे रोम आणि त्यांच्या सहकारी सांड्रा एशर यांनी त्या लोकांकडूनच शिकून घेतले.

मी आजही गोळी घेतो आणि आजही ऐकतो. झोप मोडली किंवा दिवाळीत फटाके फुटू लागले की तो जोरात असतो. पण गेली सहा वर्षे मी एका छापखान्यात मुद्रितशोधन करतो आणि तेथे तो क्वचितच बोलतो.

परिचारिका_लंडन

मी मूळची कोल्हापूरची असून येथे मानसिक आरोग्य विभागात काम करते. आवाजासमोर उभे राहण्याचा जो मुद्दा वर आला आहे, त्याचा अगदी शब्दशः वापर करणारी एक पद्धत येथे विकसित झाली, तिच्याविषयी लिहिते.

ज्युलियन लेफ या मनोविकारतज्ज्ञांनी निवृत्तीनंतर, २००८ च्या सुमारास, ही कल्पना मांडली. संगणकावर रुग्ण स्वतःच आपल्या आवाजाला चेहरा देतो. डोळे, जबडा, वय सारे ठरवतो आणि आवाजाचा पोतही जुळवून घेतो. मग उपचारक दुसऱ्या खोलीत बसतो आणि त्या चेहऱ्याच्या तोंडून रुग्णाला नेहमी ऐकू येणारी वाक्ये बोलतो, त्याच वेळी स्वतःच्या आवाजात “त्याला उत्तर द्या, मी येथे आहे” असा धीरही देतो. सुरुवातीला तो चेहरा टाकून बोलतो आणि बैठका पुढे सरकतील तसा रुग्णाच्या ठामपणापुढे नमत जातो. प्रत्यक्ष संवाद दहा-पंधरा मिनिटांचाच असतो. त्याचे ध्वनिमुद्रण रुग्णाला घरी दिले जाते, म्हणजे खरा आवाज आला की आपण त्याला उत्तर देऊ शकलो होतो याचा पुरावा हाताशी राहतो.

२०१८ मध्ये १५० जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनी ही पद्धत आधारपर समुपदेशनापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली, पण २४ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही, कारण समुपदेशन घेणारेही तोवर सुधारले होते. मला स्वतःला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. कोणीतरी दर आठवड्याला शांतपणे बसून ऐकून घेते, एवढ्यानेही माणसाला किती बळ मिळते, हे त्यातून दिसते. २०२४ मध्ये ३४५ जणांवरील मोठा अभ्यास आला. त्यात १६ आठवड्यांनी त्रास कमी झालेला दिसला. २८ आठवड्यांपर्यंत तो फायदा टिकला नाही, परंतु थोडक्यात आणि सविस्तर अशा दोन पद्धतींपैकी सविस्तर पद्धतीने उपचार घेतलेल्यांमध्ये आवाज येण्याचे प्रमाण मात्र तेव्हाही कमीच होते.

नाशिकमध्ये हे तंत्र मिळाले नाही म्हणून खंत करू नका. समोरच्या रिकाम्या खुर्चीत आवाज बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलण्याचा सराव अनेक उपचारक घेतात आणि त्याला खुर्चीखेरीज काहीही लागत नाही.

शुभंकर_सातारा

माझा मुलगा आजारी पडला तेव्हा तो २२ वर्षांचा होता. आज तो ३९ वर्षांचा आहे. बहिणीने प्रश्न विचारला आहे, म्हणून मी घराविषयी बोलतो. कारण आठवड्याचा एक तास मानसतज्ज्ञांकडे आणि उरलेले सगळे तास आपल्याकडे असतात.

आमच्या जिल्ह्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात २८२ रुग्ण होते. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णाशी आणि कुटुंबाशी बोलायचे, गोळ्यांची आठवण ठेवायची, कामधंद्याकडे वळवायचे, अशी योजना होती. केवळ दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात वर्षभराने लक्षणे आणि अपंगत्व थोडे अधिक कमी झाले. हे केवळ आवाजांवरचे काम नव्हते. पण घर उपचाराचा भाग होऊ शकते, हे मला त्यातून पटले.

अशाच एका भेटीत मला विचारण्यात आले, “तुमच्या मुलाचा आवाज त्याला काय म्हणतो?” मी म्हणालो, मला ठाऊक नाही. मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “बाबांचंच बोलतो. ऊठ, किती वेळ लोळणार, तुझ्या वयाची पोरं बघ.” तोपर्यंत मला वाटत होते की मी त्याला शिस्त लावतो आहे. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

अमेरिकेतील सॅन मातेओ, घानातील आक्रा आणि आपल्याकडचे चेन्नई येथील प्रत्येकी २० जणांशी बोलून केलेला एक अभ्यास नंतर एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितला. टान्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई त्यात प्रमुख होत्या. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक लोकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत. घरकाम कर, आंघोळ कर असे सांगणारे, रागावणारे आणि कधी मायेने बोलणारेही. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज मात्र बहुधा अनोळखी आणि हिंसक होते. आपल्याकडे आवाज जर घरातलीच माणसे होऊन येत असतील, तर घरातल्या माणसांनी जपून बोलले पाहिजे, एवढा अर्थ मी त्यातून घेतला. घरात टीका, राग किंवा जीव गुदमरवणारी अतिकाळजी असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे तर १९७० च्या दशकापासून माहीत आहे, आणि ते दाखवणाऱ्यांत वर उल्लेख आलेले लेफसाहेबच होते.

मी एक केले. सकाळी त्याला हाका मारणे बंद केले. चहा झाला की त्याच्या खोलीच्या दाराशी कप ठेवतो आणि “चहा ठेवलाय रे” एवढेच म्हणतो. आपल्या आईंनाही कोणीतरी सांगावे की त्या कपात त्यांची चूक नव्हती.

धाकटी_बहीण (नाशिक)

सर्वांची अत्यंत ऋणी आहे. साताऱ्याच्या काकांचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने दादाला विचारले, “मला काही होईल म्हणून चहा घेत नव्हतास का रे?” त्याने मान हलवली. घरात या विषयावर झालेले हे पहिलेच बोलणे.

आवाज इजा करून घ्यायला सांगतो का, हेही मी विचारले. दोन वर्षांपूर्वी सांगत असे, आता नाही, असे तो म्हणाला. ते मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवले आहे. पहिली बैठक पुढच्या मंगळवारी आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आईचा एका देवऋषीवर विश्वास आहे आणि हा आवाज आमच्या चुलत आजोबांचा आहे, असे त्याने सांगितले आहे. मानसतज्ज्ञ यावर चिडतील का? आणि दादा अनेकदा मला अचानक विचारतो, “तुला ऐकू आला का?” मी नाही म्हटले की त्याचा चेहरा पडतो आणि हो म्हणणे म्हणजे खोटे बोलणे. अशा वेळी काय म्हणावे?

चिकित्सा_मानसतज्ज्ञ (पुणे)

कोणताही समंजस मानसतज्ज्ञ आईंवर चिडणार नाही. आवाज चुलत आजोबांचा आहे असे दादाला वाटते का, आणि तसे वाटल्याने त्याची भीती वाढते की कमी होते, एवढेच तो पाहील. श्रद्धेमुळे धीर येत असेल तर ती काढून घेण्याचे कारण नाही. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे, धुरी देणे, गोळ्या थांबवणे यांतले काही होत असेल तर तेथे ठाम नकार द्यावा. अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना खरे तेच सांगा, पण तेथेच थांबू नका. “मला नाही ऐकू आला. पण तुला आला हे मला पटतं. काय म्हणाला?” असे म्हणून पाहा. पहिल्या वाक्याने आपण प्रामाणिक राहता आणि दुसऱ्याने तो एकटा राहत नाही. ‘काय म्हणाला’ हे विचारल्यावर मात्र उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ हाताशी ठेवा. कुकरची शिट्टी होत असताना विचारू नका.

धाकटी_बहीण (नाशिक)

काल रात्री भांडी लावत असताना त्याने विचारले. पंखा सुरू होता. मी तो आधी बंद केला आणि आपण सांगितलेली तिन्ही वाक्ये तशीच म्हटली. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पंखा बंद केल्यावर काही नाही म्हणाला.” त्याने स्वतः जाऊन पंखा पुन्हा लावला, कान देऊन ऐकले, पुन्हा बंद केला. असे तीन वेळा केले आणि मग माझ्याकडे एक कोरी वही मागितली.